तुझ्यावर कोण, तुझ्याखाली कोण

"तुझ्यावर कोन?"

मामांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. वडशाला आमच्या नाटक कंपनीचं ऑफिस आहे. तालमी सुरू व्हायच्या दिवशी मी तिथं दारात चपला काढत होते. मला वाटलं, माळ्यावर कोण राहतं ते विचारतात. मोठ्यांशी बोलताना लावतात तो 'जी' लावून म्हटलं, "वर कोनी नाई जी. पत्रे आहेत नुसते."

मामा हसले नाहीत. "तसं नाई पोरी. कामात तुझ्यावर कोन? तू कोनाले रिपोर्ट करते?"

आता काय सांगायचं? मी कंपनीत हिरोची बहीण होते. म्हणजे नाटकात. दरवर्षी नाटक बदलायचं, हिरो बदलायचा, बहीण मात्र मीच. पहिल्या अंकात राखी बांधायची, दुसऱ्या अंकात खलनायकाच्या तावडीत सापडायचं आणि तिसऱ्यात भावाच्या मांडीवर डोकं ठेवून मरायचं. यात रिपोर्ट करायला सवड कुठे असते?

"मी सगळ्यायचंच ऐकतो जी," मी म्हटलं.

"मंग कोनाचंच नाई ऐकत," मामा म्हणाले आणि माझ्यामागच्या माणसाकडे वळले. "तुझ्यावर कोन?"

मामा म्हणजे आमच्या मालकीणबाईंचे थोरले भाऊ. बाईंची मुलं त्यांना मामा म्हणायची, म्हणून सगळी कंपनी म्हणू लागली. उंच, काटकुळे, शर्टाला कायम कडक इस्त्री, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. माजरीच्या कोळसा खाणीत त्यांची उभी हयात गेली होती. तिथं ते सरदार होते. सरदार म्हटलं की लोकांना तलवार-घोडा आठवतो. खाणीतला सरदार वेगळा. पाळीची माणसं कामाला लागण्याआधी त्यानं पुढं जायचं, डोक्यावरचं छत काठीनं ठोकून आवाज ऐकायचा, आणि जरा जरी शंका आली तरी माणसं बाहेर काढायची. निवृत्त झाले तरी मामांची काठी सुटली नव्हती. चहाच्या टपरीत बसण्याआधीसुद्धा ते टपरीचा खांब ठोकून बघत. टपरीवाला विचारायचा, "पास झाली काय जी?" मामा मान डोलवत आणि मगच बाकड्यावर बसत.

नाटक कंपनीत खाणीतल्या माणसाचं काय काम, असं कोणालाही वाटेल. त्याचं कारण आमच्या तुळशीरामभाऊंचा खांदा.

आमच्या झाडीपट्टीत धान कापून झाला की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, शंकरपटात बैलांच्या शर्यती होतात, आणि त्या निमित्तानं नाटक ठेवलं जातं. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं ट्रॅक्टर भरभरून येतात. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या गाड्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातून फिरतच असतात. आज इथं, उद्या तिथं. रोज नवी जागा, रोज नवा मंडप. मामा येण्याच्या आदल्या मोसमात एका गावी लाइटचा खांब कलंडला आणि आमचे लाइटवाले तुळशीरामभाऊ खाली सापडले. जीव वाचला, खांदा मोडला. बाईंनी दुसऱ्या दिवशी एकेकाला बोलावून विचारलं, खांब कोणी बांधला होता? डायरेक्टर म्हणाले, मला वाटलं मंडपवाल्यानं बांधला. मंडपवाला म्हणाला, मला वाटलं गाडीवाल्यांनी बांधला. गाडीवाले म्हणाले, आम्हाला वाटलं तुळशीरामभाऊंनीच बांधला. बाई घरी गेल्या आणि त्यांनी माजरीला भावाला फोन लावला.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुनियेत सगळ्यात खतरनाक वाक्य कोनतं मालूम आहे? 'मले वाटलं त्यानं पाह्यलं असन.' मी येतो."

आले ते पोस्ट वाटतच आले. त्यांचा हिशेब सरळ होता. कंपनीत जेवढी माणसं, तेवढ्या पोस्ट. प्रत्येक पोस्टच्या वर एक माणूस. एकच. दोन नाही. "दोन मालकायचा बैल उपाशी मरते," असं ते म्हणत. रोज सकाळी चहाच्या वेळी ते कोणालाही उभं करत आणि विचारत: तू कोण, तुझ्यावर कोण, तुझ्याखाली कोण? उत्तर आलं नाही तर चहा नाही.

आमचा खलनायक म्हणाला, "माह्यावर देव, खाली धरती." त्याचा चहा थंड होईपर्यंत मामांनी त्याला उभं ठेवलं. हिरो नागपूरचा होता, मोठं नाव, स्वतंत्र गाडीनं यायचा. तो काळा चष्मा न काढता म्हणाला, "मी माझ्या कलेला रिपोर्ट करतो."

"कला तुले सुट्टी मंजूर करते काय?" मामांनी विचारलं.

हिरोनं चष्मा काढला.

"आजारी पडला तं दवाखान्यात कला येते काय? तुझ्यावर डायरेक्टर. बोल."

"माझ्यावर डायरेक्टर," हिरो म्हणाला. त्याला चहा मिळाला. एका महिन्यानं खरंच त्याला मलेरिया झाला, तेव्हा त्यानं पहिला फोन डायरेक्टरला केला. इतकी वर्षं आजारी पडल्यावर कोणाला फोन करायचा हेच ठरलेलं नव्हतं, असं तो मागाहून आम्हाला सांगत होता.

मामांची स्वतःची पोस्ट व्यवस्थापक. त्यांच्यावर मालकीणबाई, म्हणजे त्यांची धाकटी बहीण. ही एकच ओळ त्यांना शेवटपर्यंत जमली नाही. ऑफिसात ते तिला "बाई" म्हणत, ती आली की उठून उभे राहत. दुपारी जेवायला तिच्याच घरी जात आणि उंबरा ओलांडला की सुरू: "भाजीत मीठ कमी काऊन? पोट्टे अभ्यास काऊन नाई करून राह्यले?" बाई एक दिवस म्हणाल्या, "दादा, हे घरबी माहंच आहे." मामांनी घास हातात धरून विचार केला आणि म्हणाले, "घरी मी वर, ऑफिसात तू वर. मधातल्या रस्त्यावर दोघंबी बराबर." तेव्हापासून ऑफिस आणि घर यांच्यामधल्या रस्त्यावर त्या दोघांची जी भांडणं व्हायची, ती ऐकायला पानठेल्यावर माणसं थांबत.

एकदा तर त्यांनी नाटकच अडवलं. आमचे डायरेक्टर त्या नाटकात हिरोच्या नोकराचं काम करायचे, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी हिरो त्यांना थोबाडीत मारून खाली पाडायचा. तालमीत पहिल्यांदा तो प्रवेश झाला आणि मामा खुर्चीतून उठले.

"थांबा! हा त्याच्या हाताखालचा आहे. खालचा वरच्याले कसा मारन?"

"मामा, नाटक आहे ते," डायरेक्टर गाल चोळत म्हणाले.

"नाटक तुमच्यासाठी. त्याच्या हाताले सवय लागून राह्यली ना!"

हिरो खाली बघून हसत होता, त्यावरून मामांचं अगदीच चुकत नव्हतं, असं मला वाटतं. शेवटी मामांनी निवाडा दिला: पडदा वर असेल तोवर हिरो वर; पडदा पडला की डायरेक्टर वर. डायरेक्टरांनी तो फारच मनावर घेतला. पुढं प्रत्येक प्रयोगात दुसऱ्या अंकाचा पडदा पडला, की ते जागचे उठायच्या आधीच हिरोला त्याच्या चुका सांगायला लागत.

ही सगळी रचना मामांनी एका मोठ्या कापडावर रंगवून घेतली होती. नवं कापड कशाला, म्हणून कंपनीतला जुना जंगलाचा पडदा घेतला आणि त्याच्या मागच्या बाजूला आमच्या पेंटरकडून चौकोन काढवले. वर मालकीणबाई, खाली व्यवस्थापक, त्याखाली डायरेक्टर, मग फाटे फुटत फुटत अगदी स्वयंपाकीणबाईंपर्यंत. पेंटरनं हौसेनं प्रत्येक चौकोनाला वेलबुट्टी काढली होती.

मग व्हायचं ते झालं. एका गावी नवा पडदा फाटला आणि घाईघाईत जुना लावला गेला, तोही उलटा. हिरॉइन जंगलात वाट चुकते असा प्रवेश. ती केस मोकळे सोडून धावत आली, "कुठं जाऊ मी? कोणाला विचारू?" म्हणून तिनं टाहो फोडला, आणि तिच्या पाठीमागं वेलबुट्टीसह आमची सगळी कंपनी चौकोनाचौकोनांत उभी. आमचा विनोदी नट त्या प्रवेशात नव्हताच, पण तो विंगेतून आत शिरला, पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बाई, तिसऱ्या चौकोनात डायरेक्टर आहे. त्यायले विचारा!"

हशा असा झाला की हिरॉइनलाही रडता येईना. मी विंगेत तोंडात पदर कोंबून मामांकडे बघत होते. वाटलं, आता पडदेवाल्याची खैर नाही. मामांनी विंगेतूनच एकेक चौकोन बोटानं मोजला. मग म्हणाले, "पडदेवाल्याचा चौकोनच नाई त्याच्यात."

खरंच नव्हता. मामा प्रयोग संपल्यावर पडदेवाल्याकडे गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुले चौकोन देल्ला नाई, तं तू कोनाले विचारशील पडदा सीधा का उलटा? चूक माही." दुसऱ्या दिवशी पेंटरनं चौकोन काढला. त्याला सगळ्यात जास्त वेलबुट्टी.

आता मामा चंद्रपूरला मुलाकडे असतात. सूनबाई सांगतात, नातवंडांना पोस्ट देऊन झाल्या, आता सोसायटीच्या वॉचमनला दोन साहेब आहेत म्हणून मामांनी मीटिंग बोलावली आहे.

पण मला सांगायचं आहे ते माझ्या पोस्टचं.

हिरोची बहीण ही पोस्ट मामांना पुरेशी वाटली नाही. एक दिवस मला बोलावलं आणि म्हणाले, "मंडप पाहाचं काम तुह्याकडे. खांब, दोऱ्या, कापड, लाइटचे बांबू. नाटक सुरू व्हायच्या आधी सगळं पाहाचं. तू हो म्हटल्याशिवाय कोनी आत जानार नाई."

मी घाबरलेच. "मीच काऊन जी? मले तं पाल दिसली तरी भेव वाटते."

"म्हनूनच. छत पाहाले घाबरट मानूसच पायजे. धीट मानूस छताखाली झोपून जाते."

मग त्यांनी मला ठोकून आवाज ऐकायला शिकवलं, खांबाला खांदा लावून बघायला शिकवलं. आणि शेवटी नियम सांगितला. "तू नाई म्हटलं तं नाई. हिरो असो, डायरेक्टर असो, माही बहीन असो. तुह्या नाईचं हो कोनी करू शकत नाई. मीबी नाई."

ती वेळ आली पोंभुर्ण्याजवळच्या एका गावी. माझं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर. इतकी वर्षं नाटकात काम करते, पण बाबांनी कधी माझं नाटक पाहिलं नव्हतं. पोरीनं डी.एड. करून नाटकात जावं, हे त्यांना पटलेलं नव्हतं. त्या दिवशी मात्र आई, बाबा, काका, काकू, शेजारी, सगळा ट्रॅक्टर भरून आला होता. मी दुपारपासून नुसती नाचत होते.

संध्याकाळी मंडप पाहायला गेले. वारा सुटला होता. मंडप धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात घातलेला, जमीन अजून आतून ओली. मधल्या मोठ्या खांबाला मी खांदा लावला आणि मला वाटलं, हलला. पुन्हा लावला. पुन्हा वाटलं. बाहेर लोक गेटवर जमले होते. मी मामांना बोलावलं. त्यांनी काठीनं ठोकलं, खांदा लावला, वर बघितलं.

"मले तं पक्का वाटते," ते म्हणाले.

"मले नाई वाटत जी."

"पक्का नाई वाटत?"

गेटवर बाबांचा फेटा मला दिसत होता. "नाई वाटत," मी म्हटलं.

मामा बाहेर गेले. गावच्या मंडळाचे अध्यक्ष धावत आले. "काय झालं जी? पब्लिक आत सोडू ना?"

"नाई. मंडप उतरवा लागते."

"काऊन? खांब तं मस्त आहे! तुमी स्वतः पाह्यला ना आत्ता?"

"पाह्यला. मले पक्का वाटला."

"मंग?"

"तिले नाई वाटला. पोस्ट तिची आहे."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. हिरो अर्ध्या मेकअपमध्ये बाहेर आला, त्यानंही पाहिलं. सगळं गाव पाहत होतं. "हिरोच्या बहिनीच्या म्हनन्यावर मंडप पाडता?" कोणीतरी ओरडलं. मामा कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "उतरवा. नाटक उघड्यावर होईन, पन होईन. थंडी आहे, शाली घ्या."

लोक चिडले, मग हसले, मग कामाला लागले. झाडीतल्या माणसांचं असंच असतं. वरचं कापड काढायला वीस-पंचवीस जण पुढं आले, त्यांत बाबा होते. ते माझ्याशी बोलले नाहीत. दोरी सोडता सोडता शेजाऱ्याला म्हणाले, "माही पोरगी आहे ते." कोणत्या अर्थानं म्हणाले ते मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

नाटक चांदण्यात झालं. मी मेले तेव्हा थंडीनं इतकी कुडकुडत होते की हिरोच्या मांडीवर माझं प्रेत थरथरत होतं.

आणि वादळ आलं नाही. वाराही पडला. सकाळी मंडपवाल्याची माणसं तो मधला खांब उपटायला गेली, तर निघेना. चार जण लोंबकळले, मग पहार आणली, मग ट्रॅक्टरला दोर बांधला. तेवढ्यात बाईंची गाडी येऊन थांबली. मंडळानं फोनवर सगळं सांगितलं होतं. बाई उतरल्या, त्यांनी ट्रॅक्टरनं ओढला जाणारा खांब बघितला आणि भावाकडे वळल्या.

"हाच काय तो हलनारा खांब?"

"हाच," मामा म्हणाले.

"तुले मालूम होतं पक्का आहे म्हनून?"

"मले वाटत होतं. मले वाटून काय होते? पोस्ट तिची."

"अन् मी मालकीन आहो, ते?"

"तू कंपनीची मालकीन. मंडपाचं तिले विचार."

बाई माझ्याकडे आल्या. मला जमीन दुभंगावी असं झालं होतं. "तुले काय दिसलं?"

"हलल्यासारखा वाटला जी."

तेवढ्यात दोर तुटला आणि खांब ओढणारे सगळे एकमेकांवर पडले. खांब जागचा हलला नव्हता. बाईंनी ओठ दाबून धरले, पण हसू त्यांच्या नाकातून निघालं. मग मामा हसले, आणि मला रडू येत असतानाच मीही हसले. बाईंनी डोळे पुसले. जाताना मला म्हणाल्या, "पुढल्या टायमाले मले फोन करजो. विचाराले नाई. सांगाले."

त्या गेल्यावर मी मामांना म्हटलं, "माही पोस्ट काढून घ्या जी. मी चुकलो."

"चुकली ना," मामा म्हणाले. खर्रा थुंकून आले आणि माझ्याजवळ स्टेजच्या पायरीवर बसले. "खानीत मी किती खेपा मानसं बाहेर काढली, अन् छत जसंच्या तसं. पाळी बुडली म्हनून मानसं मले माय-बहिनीवरून शिव्या देत. शिव्या देत देत वर येत, शिव्या देत देत घरी जात, अन् जेवत. पोरी, जेवत! छत पडनारच होतं हे सिद्ध कराले मी त्यायले खाली ठेवाचं होतं काय?"

मी त्या खांबाकडे बघितलं.

"उद्या पुन्हा खांब हलल्यासारखा वाटला तं काय करशील?"

"...नाई म्हनीन."

"मंग झालं," असं म्हणून ते उठले.

पुढचा मुक्काम अहेरीकडे होता. कंपनीची गाडी पुढं गेली, मी आईकडे थांबून मागून बसनं निघाले. आलापल्लीच्या जंगलात बस बंद पडली. पोहोचायला दिवस मावळला. वाटेत फोनला रेंज नाही. मंडप मी पाहिलेला नाही, एव्हाना सगळे आत गेले असतील.

बसमधून उतरून शेतातून धावत गेले. मंडपात दिवे लागले होते, आत कोणी नव्हतं. सगळी कंपनी बाहेर, कापलेल्या धानाच्या खुंटांत उभी. हिरो इन्स्पेक्टरच्या वर्दीत, हिरॉइन नवरीच्या शालूत, खलनायक मिशा लावून, विनोदी नट लुगडं नेसून. तुळशीरामभाऊ वायरचं भेंडोळं खांद्यावर घेऊन. गावातली पोरं त्यांच्याभोवती गोल करून बसली होती आणि फुकट नाटक बघत होती.

"ताई, अहो किती वाट पाहायची?" हिरो म्हणाला. "मेकअप उतरून राहिला."

मी पिशवी खाली टाकली आणि आत गेले. एकेका खांबाला खांदा लावला. दोऱ्या ओढून पाहिल्या. लाइटचे बांबू पाहिले. घाई केली नाही. बाहेर कोणी हाक मारली नाही. सगळं पाहून झालं तेव्हा मी गेटवर आले आणि म्हटलं, "चला."

हिरो गेला, हिरॉइन शालू सावरत गेली, खलनायक, तुळशीरामभाऊ, पडदेवाला, सगळे गेले. मामा मागं थांबले होते. ते गेटपर्यंत आले आणि उभे राहिले. आजवर त्यांनी मला पोरी सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

"मी जाऊ काय जी?" त्यांनी विचारलं.

"जा," मी म्हटलं, आणि मामा आत गेले.